मोकळ्या जागेचा दाखला

इब्राहिमभाई गावात पोचले की आधी चपला काढायचे. मशिदीत नाही की कुणाच्या ओसरीवर नाही, ज्या जमिनीसाठी अर्ज आलेला असेल त्या जमिनीवर. चपला सायकलच्या हँडलला अडकवायच्या, पायजमा घोट्याच्या वर दुमडायचा आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अनवाणी चालायचं. भर मे महिन्यातसुद्धा. सोबत आलेली पोरं बूट घालूनही सावली शोधत असायची आणि हे पंचावन्नच्या पुढचे गृहस्थ बाजारात भाजी बघत फिरावं तसे निवांत फिरायचे. कुठे टाच दाबून बघायचे, कुठे वाकून ढेकूळ फोडायचे. कोणी पुढे होऊन सांगायला लागलं, "चाचा, ही जमीन अशी हाय बगा," की हाताने थांबवायचे.

"तू गप बस, बेटा. माणसाला इचारलं की माणूस आपलंच घोडं पुढं दामटतो. जमिनीला कुणाची बाजू न्हाई."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पन्नास वेळा तरी ऐकलं असेल. आधी कौतुकाने ऐकायची. पुढे त्याचा मला राग येऊ लागला, तो अजून गेलेला नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. कचेऱ्यांना इमारती नव्हत्या, इमारतींना पाट्या नव्हत्या. आमची कचेरी एका डाळमिलवाल्याच्या रिकाम्या गोदामात होती. उस्मानाबादहून फायली पोत्यांत भरून आल्या होत्या, आणि कुठली फाईल कुठल्या पोत्यात हे शोधण्यातच आमचं पहिलं वर्ष गेलं. मी निलंग्याची. आमचं घर बौद्ध, आणि घरातून सरकारी नोकरीला लागलेली मी पहिलीच. वडिलांनी नेमणुकीचा कागद काचेत घालून भिंतीवर लावला. कचेरीत हजर होताना दाखवायला माझ्याकडे नक्कलच उरली, त्यावरून साहेबांनी मला पहिल्याच दिवशी फैलावर घेतलं.

आमच्या टेबलाचं काम असं: गावोगावच्या तरुण मंडळांना लहान लहान अनुदानं द्यायची. त्यातून त्यांनी झाडं लावावीत, गवताचं रान राखावं, तळ्याकाठचे पक्षी सांभाळावेत. रक्कम इतकी किरकोळ होती की ती खाण्यात कोणाला रस नव्हता, म्हणूनच बहुधा योजना बरी चालली होती. अर्ज एका पानाचा. अट एकच महत्त्वाची, की जागा मोकळी हवी, तिच्यावर कोणाचा वापर नको. जागा पाहून तसा दाखला देणारे इब्राहिमभाई.

ते लातूरचेच. घर पिंजाऱ्यांचं, थोरला भाऊ गाद्या भरायचा. हे मात्र निजामाच्या काळात, सोळाव्या वर्षी, मोजणी खात्यात साखळी ओढायला लागले आणि तिथून सरकत सरकत आमच्याकडे आले. चाळीस वर्षं जमिनी तुडवलेला माणूस. शिक्षण उर्दूतलं. मराठी फर्डी बोलायचे, लिहिताना मात्र हात अडायचा. म्हणून दौऱ्याहून आले की माझ्या टेबलासमोर स्टूल ओढून बसायचे आणि सांगायचे, मी लिहायची. "वंदनाबाई, तुमचा हात, माझे पाय," म्हणायचे. सही तेवढी स्वतः करायचे.

एस्टीच्या टपावर सायकल चढवून ते तालुक्याला जायचे आणि तिथून पुढे पायडल मारत गावोगाव. जमीन बघून होईपर्यंत गावातला चहासुद्धा घ्यायचे नाहीत. एका गावी पुढाऱ्याने त्यांच्यासाठी कोंबडी कापली होती. हे बाहेर बाभळीखाली बसले, कागदात बांधून आणलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि जमीन नापास करून आले. पुढारी साहेबांकडे तक्रार घेऊन आला, की तुमच्या माणसाने आमच्या घराचा अपमान केला. साहेबांनी विचारलं तर इब्राहिमभाई म्हणाले, "कोंबडी खाल्ली असती तर जमिनीचा अपमान झाला असता, साहेब."

असे हजरजबाबी. आणि तसेच हट्टी.

औशाच्या बाजूच्या एका मंडळाची गोष्ट कचेरीत बरेच दिवस चवीने सांगितली जायची. अनुदान मिळून वर्ष झालं होतं, रोपं बघायला इब्राहिमभाई जाणार होते. रोपं तर पाण्यावाचून केव्हाच वाळून गेली होती. पोरांनी आदल्या दिवशी लिंबाच्या ओल्या फांद्या तोडल्या आणि खड्ड्यांत रोवून ठेवल्या. लांबून बघाल तर हिरवंगार. इब्राहिमभाई अनवाणी सगळ्या रांगांतून फिरले. एकही फांदी उपटून पाहिली नाही. मग मंडळाच्या अध्यक्षाला म्हणाले, "पाणी कवा घातलं?"

"काल सांजच्यालाच, चाचा."

"मग तुझ्या गावात पाणी वरच्या वर राहतं वाटतं. खालची माती तर तव्यावानी हाय."

पोरं खाली मान घालून उभी. आता हा माणूस रिपोर्ट करणार असं त्यांनी धरून चाललं होतं. इब्राहिमभाईंनी सायकलला कुलूप लावलं, कुदळ मागितली आणि खड्डा कसा घ्यायचा, मडकं कसं पुरायचं, मडक्याला बारीक भोक पाडून वात कशी लावायची, हे संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडून करून घेतलं. शेवटची एस्टी चुकली. मला अहवालात लिहायला सांगितलं, "रोपे नाहीत, पोरे चांगली आहेत, आणखी एक संधी द्यावी." मी ते सरकारी भाषेत बसवलं. त्या मंडळाची त्रेचाळीस झाडं पुढे जगली.

पोरांवर त्यांचा फार जीव. साहेबांनी बाजूला टाकलेले अर्ज ते गुपचूप ढिगाच्या वर आणून ठेवायचे. निलंग्याच्या पाच मुलींनी एक अर्ज केला होता. जुन्या विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींची घरटी होती, ती बाभूळ कोणी तोडू नये म्हणून भोवती तारेचं कुंपण पाहिजे. साहेब म्हणाले, एका झाडासाठी काय अनुदान द्यायचं? इब्राहिमभाई रोज सकाळी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभे राहायचे, काही बोलायचे नाहीत, अन् परत यायचे. सातव्या की आठव्या दिवशी साहेबांनी वैतागून सही केली. कुंपण झालं. पण पाऊस फिरकला नाही, विहीर आटली, आणि पुढच्या वर्षी पाखरं आलीच नाहीत. पाचांतल्या तीन मुलींची लग्नं होऊन गेली होती. इब्राहिमभाई ते बघून आले त्या दिवशी स्टुलावर बसले. "आज काही लिहायचं न्हाई," म्हणाले.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. लातूरच्या मोंढ्यात धान्याच्या गाड्या येईनात. कचेरीतल्या रांजणाला शिपायाने कुलपाचं झाकण बसवून घेतलं होतं आणि तांब्याभर पाणी मागितलं तर तो तोंडाकडे बघायचा. खेड्यांतली माणसं रोजगार हमीच्या खडीवर होती, नाहीतर गाव सोडून गेली होती. त्याच वैशाखात कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावाच्या मंडळाचा अर्ज आला. गावाचं नाव लिहीत नाही, ती माणसं अजून तिथेच राहतात.

अर्ज फार चांगला होता. मंडळाचा अध्यक्ष दत्ता नावाचा, निलंग्याच्या कॉलेजात शिकणारा. गावच्या गायरानाच्या एका तुकड्यावर गवत राखायचं, कडेने झाडं लावायची, म्हणजे माळावर पूर्वी दिसायची ती हरणं परत येतील, असं त्याने सुंदर अक्षरात लिहिलं होतं. सोबत हातानं काढलेला नकाशा. इब्राहिमभाई तो नकाशा बघून खूश झाले. दुसऱ्याच दिवशी सायकल टपावर चढवून गेले.

परत आले ते स्टूल ओढून बसले आणि सांगायला लागले. जमीन उत्तम आहे. चालून पाहिली. कुठे नांगराचं तास नाही, पिकाचं धसकट नाही, बांध नाही. सगळी टणक. "लिवा, वंदनाबाई. गायरानातील जागा पडीक व मोकळी. कोणाचाही वापर आढळला नाही."

मी लिहिलं.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. माझ्या मामाच्या गावी बौद्ध घरं गायरान कसायची. सरकारी जमीन, तेव्हा कसली तर अतिक्रमण. तलाठी पीक पाहायला यायचा, दंड करायचा आणि पावती द्यायचा. ती पावती लोक जिवापाड जपायचे, कारण इतकी वर्षं ही जमीन आम्ही कसतो याला कागद तेवढाच. अशा जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर होणार असं तेव्हा चाललं होतं, आणि पुरावा म्हणून ह्याच पावत्या दाखवायच्या होत्या. दंड झाला म्हणून साखर वाटणारी माणसं मी मामाच्या गावी पाहिली आहेत. म्हणजे 'गायरान' आणि 'कोणाचाही वापर नाही' हे दोन्ही एका दाखल्यात लिहिताना माझा हात थांबायला हवा होता. तो थांबला नाही. नवी नोकरी होती, आणि इब्राहिमभाई चालून आले होते. त्यांच्या पायांवर आमच्या सगळ्या कचेरीचा विश्वास होता.

अनुदान मंजूर झालं. पोरांनी खड्डे घेतले आणि चारही बाजूंनी काट्यांचं कुंपण घातलं. त्या वर्षी मृगात पाऊस पडला.

आषाढात एक बाई कचेरीत आली. साठीची, काळी, काटक. सोबत सून. नाव गयाबाई. बगलेत पावडरचा जुना डबा होता. तिने तो माझ्या टेबलावर उघडला, तर आत दंडाच्या पावत्या. घड्या घालून घालून कापडासारख्या मऊ झालेल्या. तिच्या वस्तीतल्या अकरा घरांच्या होत्या, आणि अकरा घरांनी जपायला तिच्याकडे दिल्या होत्या. वीस वर्षांच्या पावत्या. शेवटची दोन वर्षं नव्हती.

"दोन साल पेरलंच न्हाई," ती म्हणाली. "आभाळच न्हाई तर पेरावं काय? पेरलं न्हाई म्हून दंड न्हाई. आन् औंदा पाऊस झाला, आमी कुळव घिऊन गेलो, तर कुंपण. पोरं म्हनत्यात, सरकारचा कागद हाय, जागा मोकळी हाय म्हून."

इब्राहिमभाई शेजारीच स्टुलावर होते. त्यांनी पावत्या हातात घेतल्या. एकेक उलगडून पाहिली, मराठी त्यांना वाचता यायची. मग म्हणाले, "पण मी चालून बघितलंय, बाई. धसकट बी न्हवतं एक."

"धसकटं चुलीत गेली, बाबा. सरपान कुठं हुतं? बांधाची बोरी बी उपटली. दोन उनाळे आन् वरनं गावाची ढोरं, जमीन टनक व्हनार न्हाई तर काय व्हईल?"

गयाबाई त्यांच्याकडे निरखून बघत राहिली आणि म्हणाली, "तुमीच हुता व्हय ते. मी वळखलंच न्हाई, पायात चपला हाईत म्हून. बाकी समदे खडीवर गेलते, मी एकटीच दारात बसले हुते. म्या सुनंला सांगितलं बी सांजच्याला, की एक मानूस उनात अनवानी फिरून राहिला, काय की नवस फेडून राहिलाय. मला वाटलं पानी मागाया तरी येताल. तुमी आलाच न्हाईत."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. इब्राहिमभाईंनी पावत्या पुन्हा तशाच घड्या करून डब्यात ठेवल्या. ठेवताना एक पावती दोनदा खाली पडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नवा अहवाल लिहायला सांगितला. "माझा पहिला दाखला चुकीचा आहे, जमीन अकरा घरांच्या वहितीतली आहे, दुष्काळामुळे ती पडीक दिसली, चौकशी न करता दाखला दिला ही माझी चूक." मी लिहिलं, त्यांनी सही केली आणि साहेबांसमोर नेऊन ठेवलं.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने वाचलं आणि दार लावून घेतलं. पण दार गोदामाचं, सगळं ऐकू येत होतं.

"इब्राहिमभाई, कशाला हात दाखवून अवलक्षण करता? तुमचा एक दाखला खोटा ठरला की बाकीच्यांचं काय? सगळ्या जिल्ह्यातल्या मंडळांना तुमच्याच दाखल्यावर पैसे गेलेत. सगळे पुन्हा तपासायला लावतील. योजना बंद पडेल. त्या पोरांचा तरी विचार करा."

"त्येच करून राहिलो, साहेब, रातभर."

"मग?"

"मग काय. चूक माझी हाय, ती कागदावर ऱ्हाऊ द्या."

त्या रविवारी ते स्वतःहून त्या गावाला गेले, दत्ताला भेटायला. तिथलं मला त्यांनीच पुढे सांगितलं, तेही बऱ्याच दिवसांनी. दत्ता कुंपणाजवळ भेटला. यांनी त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाले, बेटा, तूच कुंपण काढ, मंडळाने लिहून दिलं तर जागा सुटेल. दत्ता मान खाली घालून उभा राहिला. मग म्हणाला, "चाचा, मला ठाऊक हुतं. समद्या गावाला ठाऊक हाय ती जमीन कोण कसतं ते."

"मग मला बोलला का न्हाईस?"

"मी सांगाया लागलो हुतो. तुम्ही गप बस म्हणालात." मग म्हणाला, "आन् खरं सांगू? तुम्ही गप बसवलं तवा मला बरंच वाटलं. मला झाडं लावायची हुती. आता कुंपण काढतो म्हणलं तर गावातले मोठे लोक काढू देत न्हाईत. त्यांना झाडांचं काय पडलेलं न्हाई, त्यांना ती माणसं जमिनीवर नको हाईत."

इब्राहिमभाई हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते. "पोरगं खरं बोललं," एवढंच म्हणाले.

नव्या अहवालाचं काय झालं? तो फाईलला लागला. त्यावर वरून पत्र आलं, की या निरीक्षकाचे सर्वच दाखले तपासावेत आणि तोवर अनुदानं थांबवावीत. ती जी थांबली ती थांबलीच. औशाकडची पोरं दोनदा येऊन विचारून गेली, मग यायची बंद झाली. कचेरीतल्या लोकांनी इब्राहिमभाईंशी बोलणं कमी केलं. त्यांच्या मते या म्हाताऱ्याने स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी सगळ्यांचं काम बुडवलं होतं. मलाही अधूनमधून तसं वाटायचं, हे कबूल करते. आणि एवढं करून गायरान सुटलं नाहीच. ज्या जमिनीवर सरकारी अनुदानाची झाडं लागली ती जमीन मोकळी करायला कोणी तयार नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात झाडं वाळून गेली. कुंपण तेवढं राहिलं.

ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाला आम्ही चौघेच होतो.

त्यानंतर काही वर्षांनी मी त्यांना एकदाच पाहिलं. त्या अकरा घरांचा दावा सुनावणीला लागला होता. मला ते कानावर आलं आणि मी रजा टाकून गेले. साक्ष द्यायला नाही, तेवढं धाडस माझ्यात नव्हतं. नुसती मागे उभी राहिले. तालुक्याची जुनी कचेरी, लांब खोली, अधिकाऱ्यासमोर दोन बाजूंना समोरासमोर दोन बाकं, एक दावेदारांचं, एक सरकारी बाजूचं. एका बाकावर वस्तीतली माणसं दाटीने बसलेली. गयाबाई वारली होती. तिची सून पावडरचा डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या शेजारी इब्राहिमभाई. खूप वाळले होते. पहाटेच्या गाडीने त्या लोकांबरोबरच आले होते, त्यांच्यातल्याच कोणीतरी त्यांना हाताला धरून पायऱ्या चढवलं होतं.

पुकारा झाला. ते उठून पुढे गेले. कारकुनाने नाव लिहिलं आणि विचारलं, "कोणाकडून साक्ष?"

इब्राहिमभाईंनी मागे वस्तीतल्या माणसांकडे हात केला. पण ते बोलायच्या आधीच अधिकाऱ्याने फाईलमधून एक कागद काढला. माझं अक्षर मी लांबूनसुद्धा ओळखलं.

"जागा मोकळी असल्याचा हा दाखला तुम्ही दिलाय ना?"

"मीच दिलाय. पण तो चुकीचा हाय, साहेब. मी मागून दुसरा लिहून..."

"दुसरा या फाईलला नाही. दाखला तुमचाच आहे, एवढं पुरे." आणि कारकुनाकडे वळून म्हणाला, "सरकारतर्फे लिहा."

कारकुनाने तसं लिहिलं. शिपायाने इब्राहिमभाईंच्या दंडाला धरून त्यांना वळवलं. ते वस्तीच्या बाकाकडे निघाले, तर शिपाई म्हणाला, "तिकडं न्हाई, चाचा, इकडं." समोरचं बाक रिकामं होतं. ते तिथे एकटेच बसले, आणि सुनावणी संपेपर्यंत ज्यांच्याबरोबर आले होते त्यांच्यासमोर बसून राहिले.